फरारीचा हिशेब वेगळा मांडा

शिपाई दारात उभा राहून आरोपीचं नाव तीनदा पुकारतो. कुणी ओ देत नाही. आरोपीचे वकील अर्धवट उठून म्हणतात, ‘‘साहेब, पक्षकाराशी संपर्क होत नाहीये.’’ न्यायाधीश मान वर करत नाहीत. रोजनाम्यात ओळी उतरतात: आरोपी गैरहजर. अजामीनपात्र वॉरंट काढावे. जामीनदारास नोटीस. पुढची तारीख. तालुक्याच्या कुठल्याही फौजदारी कोर्टात सकाळी पुकाऱ्याच्या वेळी जाऊन बसा, हा प्रसंग दिसतोच. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

वॉरंट पोलीस ठाण्यात जातं आणि ‘दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. पुन्हा निघतं, पुन्हा परत येतं. मग ‘हजर हो’ असा कोर्टाचा जाहीरनामा, मग मालमत्तेच्या जप्तीची चौकशी. तिथे बहुधा कळतं की आरोपीच्या नावावर काहीच नाही. घर वडिलांच्या नावावर आणि गाडी फायनान्सची. सहआरोपी असतील तर त्यांचा खटला वेगळा काढून चालवला जातो आणि फरार माणसाचा कागद डॉर्मंट फाइलमध्ये जातो. साक्षीदार म्हातारे होतात, तपास अधिकारी निवृत्त होतो, मुद्देमालाच्या खोलीत चिठ्ठ्या गळून पडतात.

पण माणूस कधीतरी सापडतो. कुणाच्या लग्नात, कुठल्या दुसऱ्याच गुन्ह्यात, विमानतळावर. कधी स्वतःच वकिलाचा हात धरून हजर होतो. तेव्हा कोर्टापुढे दोन गोष्टी असतात: मूळ गुन्हा आणि जामिनावर असताना पळून जाणं. आपल्याकडे या दुसऱ्या गोष्टीचं काय होतं, हे पाहिलं तर दोन टोकं दिसतात. एक तर काहीच होत नाही. जामीन रद्द होतो, माणूस काही महिने आत बसतो, खटला संपतो आणि पळाल्याचा विषय तिथेच विरतो. नाहीतर उलटं. मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावताना निकालपत्रात एक वाक्य येतं की आरोपी जामिनाचा गैरफायदा घेऊन फरार झाला होता, सबब तो दयेस पात्र नाही. त्या एका वाक्याने शिक्षेत किती वर्षांची भर पडली, हे कुणालाच सांगता येत नाही.

माझं म्हणणं असं की पळाल्याची शिक्षा झालीच पाहिजे, दर वेळी झाली पाहिजे, आणि ती मूळ गुन्ह्याच्या शिक्षेत कालवू नये. एकाच वहीत दोन गिऱ्हाइकांची उधारी लिहिणारा दुकानदार शेवटी दोघांनाही फसवतो, नाहीतर स्वतः फसतो.

कायद्याने हा वेगळा हिशेब मांडून ठेवलेलाच आहे, हे विशेष. जामिनावर सुटलेला माणूस पुरेशा कारणाशिवाय कोर्टात हजर राहिला नाही तर तो स्वतंत्र गुन्हा, अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत २२९-अ या कलमाने आली आणि २००६ पासून लागू झाली. आता तीच, दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २६९ म्हणून आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कारण पुरेसं होतं हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर. आणि कलमाखालच्या स्पष्टीकरणात साफ म्हटलंय की ही शिक्षा मूळ गुन्ह्याच्या शिक्षेखेरीज असेल, तसंच जामीनकतबा, म्हणजे हजर राहण्याची लेखी हमी, जप्त करण्याचा कोर्टाचा अधिकारही अबाधित राहील. कायदा करणाऱ्यांना दोन हिशेब वेगळे हवे होते, याबद्दल शंकेला जागाच नाही. तरीही फौजदारी वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा, या कलमाखाली शिक्षा झालेली प्रकरणं आठवायला त्याला डोकं खाजवावं लागेल. वॉरंट निघतं, माणूस सापडतो, शंभर-दोनशे रुपये खर्च भरून वॉरंट रद्द होतं. बस.

यावर न्यायाधीशांकडून येणारं उत्तर ठरलेलं आहे: मूळ खटले उरकत नाहीत, त्यात हा आणखी एक कुठे लावू? पण हा खटला चालवायला लागतं काय? जामीनकतब्यावर आरोपीची सही आहे, पुढची तारीख त्याला माहीत होती हे रोजनाम्यात आहे, तो आला नाही हेही रोजनाम्यातच आहे. पुरावा कोर्टाच्या स्वतःच्या दप्तरात. राहतो तो एकच प्रश्न, कारण काय होतं? तो आरोपीनेच सोडवायचा आहे. फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८३ नुसार, तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटला आरोपीचं म्हणणं ऐकून संक्षिप्त पद्धतीने खटला चालवता येतो. त्यात कैद तीन महिन्यांच्या वर देता येत नाही, पण बहुतेक प्रकरणांत तेवढी पुरे आहे.

आता पळणारा कोण असतो तेही पाहायला हवं, कारण ‘फरार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुबईचं विमान येतं. बीड, परभणीकडच्या ऊसतोड मजुराचं उदाहरण घ्या. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगामात काही बिनसतं, भांडण होतं, मारामारीचा किंवा उचल बुडवल्याचा गुन्हा सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या ठाण्यात दाखल होतो. जामीन होतो. उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळी गावाकडे जाते आणि तारीख पडते तिकडे, तीन-चारशे किलोमीटरवर. पुढच्या हंगामात टोळी कर्नाटकात जाते. वॉरंट गावातल्या घरी येतं तेव्हा घराला कुलूप असतं आणि म्हातारी शेजाऱ्याकडे. हवालदार शेरा मारतो. कागदावर हा माणूस फरार. प्रत्यक्षात तो कुणापासून लपलेलाच नाही, फडात भल्या पहाटे कोयता चालवतोय.

दुसरा माणूस ठेवी गोळा करणाऱ्या कंपनीचा संचालक. दामदुप्पटच्या जाहिराती, शहरातल्या हॉटेलात मेळावे, निवृत्तीची पुंजी घेऊन आलेली माणसं. अटक होते, सहा-आठ महिन्यांनी जामीन होतो आणि एके दिवशी साहेब गायब. फोन बंद, बायकामुलं आधीच दुसऱ्या देशात. दोघांच्याही रोजनाम्यात एकच ओळ: आरोपी गैरहजर.

पळण्याची शिक्षा मूळ शिक्षेत कालवली की या दोघांमधला फरक पुसला जातो. वेगळी सुनावणी झाली तर तो आपसूक पुढे येतो. का गेलास, किती काळ गेलास, स्वतः आलास की पकडून आणावं लागलं, तुझ्यामुळे कोण खोळंबलं, दरम्यान कुठला साक्षीदार मेला, हे प्रश्न तिथे विचारावेच लागतात. ऊसतोड मजुराला ताकीद आणि किरकोळ दंड. संचालकाला एक वर्षाची पूर्ण कैद, आणि ती मूळ शिक्षा भोगून झाल्यावर. एकच कलम, पण वजन वेगळं.

पळून जाणं हा अपराधाचा पुरावा धरण्याची सवय आपल्या पोलिसांना आणि वर्तमानपत्रांना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच, मत्रू विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात, निव्वळ पळाला म्हणून माणूस दोषी ठरत नाही, भीतीने निरपराधही पळतो, असं म्हटलेलं आहे. जी गोष्ट दोष ठरवताना एवढी कच्ची मानली जाते, ती शिक्षेचं माप ठरवताना एकदम पक्की कशी होते?

हा प्रश्न १ जुलै २०२४ पासून अधिक टोकदार झालाय, कारण त्या दिवशी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ३५६ ने आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देण्याची सोय केली. जुन्या कायद्यात फार तर साक्षी नोंदवून ठेवता येत. आता ‘घोषित अपराधी’ ठरलेल्या फरार आरोपीने हजर राहण्याचा हक्क सोडून दिला असं समजून खटला शेवटपर्यंत नेता येतो. अटी बऱ्याच आहेत. किमान तीस दिवसांच्या अंतराने लागोपाठ दोन वॉरंटं; शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्याच्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात नोटीस; नातेवाईक किंवा मित्र असल्यास त्याला कळवणं; घरावर आणि पोलीस ठाण्यात कागद डकवणं; आणि आरोप निश्चित झाल्यापासून नव्वद दिवस थांबणं. वकील नसेल तर सरकारी खर्चाने वकील. एवढं करून दोषी ठरला तर अपील करायला त्याला स्वतः कोर्टापुढे यावं लागेल, आणि निकालाला तीन वर्षं उलटली की दोषसिद्धीविरुद्ध अपीलच नाही.

गैरहजेरीत खटला चालवण्याला माझा विरोध नाही. उलट जामिनावरून पळालेल्याच्या बाबतीत तर तो चालवावाच. ज्याने स्वतः कोर्टात उभं राहून ‘प्रत्येक तारखेला हजर राहीन’ असं लिहून दिलं, आरोपपत्राची प्रत सही करून घेतली, त्याला आपल्याविरुद्ध काय चाललंय हे माहीत नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, तेव्हाच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, २००२ साली अँथनी जोन्सच्या खटल्यात हेच मानलं. लिव्हरपूलमधल्या दरोड्याचा हा आरोपी जामिनावरून पळाला होता आणि त्याच्या पाठीमागे खटला चालवून त्याला शिक्षा झाली होती.

पण आपलं कलम ३५६ इथे घोळ घालतं. ज्याला कधी अटकच झाली नाही, ज्याच्या हाती समन्सही पडलं नाही असा माणूस आणि कोर्टाच्या दारातून सही करून निघून गेलेला माणूस, दोघांना ते एकाच रांगेत उभं करतं. पहिल्याच्या बाबतीत ‘हक्क सोडला’ हे एक गृहीतक आहे. दुसऱ्याच्या बाबतीत ते वस्तुस्थिती आहे. पहिल्याला सापडल्यावर नव्याने बाजू मांडायची संधी हवी. युरोपातल्या मानवी हक्क न्यायालयाने १९८५ साली इटलीविरुद्धच्या कोलोझ्झा प्रकरणात तसंच सांगितलं. दुसऱ्याला दोषसिद्धीबाबत ती द्यायची गरज मला वाटत नाही.

आणि दुसरी गंमत. ‘घोषित अपराधी’ ठरायला मूळ गुन्हा दहा वर्षं किंवा अधिक कैदेचा, जन्मठेपेचा किंवा फाशीचा असावा लागतो. साध्या फसवणुकीच्या कलमाला जास्तीत जास्त सात वर्षं. महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९ साली जो खास कायदा केला, एमपीआयडी, त्यात सहा वर्षं. म्हणजे वर ज्या संचालकाचं वर्णन केलं त्याच्यावर विश्वासघाताचं जबर कलम लागलेलं नसेल तर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवता येत नाही. सही करून, सगळं समजून उमजून, ठेवीदारांच्या डोळ्यांदेखत पळालेला माणूस या तरतुदीच्या बाहेर. आणि कधीच न सापडलेला, कदाचित नावाच्या गोंधळात अडकलेला माणूस आत. तरतूद करताना कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे होता हे उघड आहे. तो जामिनावरून पळणाऱ्याचा नव्हता.

आता शिक्षेकडे येऊ. आपल्या कायद्यात १९७३ पासून एक चांगली पायरी आहे. आरोपी दोषी ठरला की शिक्षा किती असावी यावर त्याचं वेगळं ऐकून घ्यायचं. ही नुसती औपचारिकता नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली संता सिंग प्रकरणात बजावलं. त्या वेळी माणूस सांगतो की घरी कोण आहे, वय काय, आजार काय, आधीची वागणूक कशी. समोर माणूसच नसेल तर हे कोण सांगणार? सरकारने दिलेल्या वकिलाने आरोपीचं तोंडही पाहिलेलं नसतं. तो फार तर म्हणेल, ‘‘किमान शिक्षा द्यावी ही विनंती.’’

ही अडचण किती खरी आहे ते विजय मल्ल्याच्या प्रकरणात दिसलं. मुलांच्या नावे चार कोटी डॉलर वळवले आणि संपत्तीची माहिती दडवली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला मे २०१७ मध्ये अवमानासाठी दोषी ठरवलं. शिक्षेवर ऐकायला तो हजर हवा म्हणून कोर्ट थांबलं. थांबत राहिलं. तो लंडनमध्ये. अखेर न्यायमित्र नेमून, ११ जुलै २०२२ रोजी न्या. उदय लळीत यांच्या पीठाने त्याच्या पाठीमागे चार महिने कैद आणि दोन हजार रुपये दंड ठोठावला. पाच वर्षं देशाचं सर्वोच्च न्यायालय एका माणसाच्या येण्याची वाट पाहत होतं. अशी वाट पाहणं म्हणजे पळणाऱ्याच्या हाती खटल्याची दोरी देणं. (जाता जाता: याच काळात हा गृहस्थ लंडनच्या कोर्टाच्या साडेसहा लाख पौंडांच्या जामिनावर होता आणि तिथल्या तारखांना नीट हजर राहत होता.)

तेव्हा अनंत काळ थांबायचं नाही. पण थांबायचं नाही म्हणून हात सैल सोडायचा का? कॅलिफोर्नियातल्या अँड्र्यू लस्टरचं प्रकरण पाहा. सौंदर्यप्रसाधनांच्या मोठ्या घराण्याचा हा वारस, तीन स्त्रियांना गुंगीचं औषध देऊन बलात्कार केल्याचा आरोप. दहा लाख डॉलरच्या जामिनावर सुटलेला, जानेवारी २००३ मध्ये खटला चालू असतानाच पळाला. त्याच्या गैरहजेरीत शिक्षा झाली: एकशे चोवीस वर्षं. जूनमध्ये मेक्सिकोत पकडला गेला. फरार असल्यामुळे त्याचं अपील ऐकायलाही कोर्टाने नकार दिला. गुन्हे भयंकर होते, त्याच्याविषयी कणव वाटावी असं काही नाही. पण दहा वर्षांनी, २०१३ साली, शिक्षा एकामागून एक भोगायला लावताना मूळ न्यायाधीशाने द्यायला हवी होती ती कारणं दिली नव्हती असं ठरलं आणि शिक्षा पन्नास वर्षांवर आली. मधली चौऱ्याहत्तर वर्षं कशाची होती? गुन्ह्याची, की पळाल्याची, की आणखी कशाची? निकालातून कळायला मार्ग नव्हता. माझा आक्षेप नेमका या न कळण्याला आहे. शिक्षा कमी की जास्त हा पुढचा प्रश्न. ती कशाची आहे हे तिच्या अंगावर लिहिलेलं असलं पाहिजे, तर तिच्याविरुद्ध धड अपील करता येतं.

म्हणून गैरहजेरीतल्या निकालाला मी दोन बंधनं घालीन. फाशी द्यायची नाही, कधीच नाही. यात दयेचा भाग आहेच, पण व्यवहाराचाही आहे. पळालेला माणूस परदेशात असेल तर फाशी सुनावलेल्याला बहुतेक युरोपीय देश परत देणार नाहीत. अबू सालेमला पोर्तुगालने २००५ साली दिलं ते फाशी नाही आणि पंचवीस वर्षांवर कैद नाही, या भारताच्या हमीवर. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठी त्याला पुढे जन्मठेप झाली, तरी ती हमी पाळावी लागेल असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तारीख तीच, ११ जुलै २०२२. एकाच दिवशी त्या इमारतीत गैरहजर माणसाची शिक्षाही ठरली आणि परत आणलेल्या माणसाच्या शिक्षेची हद्दही. दुसरं बंधन असं की गैरहजेरीत शिक्षा सुनावा, पण माणूस हाती लागला की महिन्याभरात फक्त शिक्षेच्या मापावर त्याचं ऐका. दोषी की निर्दोष हे उकरायचं नाही, साक्षीदारांना पुन्हा पायपीट नाही. त्याच्या वयाचं, प्रकृतीचं, घरच्यांचं जे सांगायचं ते तो एकदा सांगेल. अपिलाची तीन वर्षांची मुदत या सुनावणीला लागू नको.

त्याच दिवशी, त्याच सुनावणीत पळाल्याचा हिशेबही करा. इंग्लंडमध्ये जामिनाचा १९७६ चा कायदा आहे. हजर न राहणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा. खालच्या कोर्टात तीन महिने, वरच्या कोर्टात बारा महिने अशी कमाल शिक्षा. आकडे आपल्यासारखेच लहान. फरक वापरात आहे. तिथली रीत अशी की माणूस समोर आला की मूळ खटला संपायची वाट न पाहता या गुन्ह्याचा निवाडा शक्य तितक्या लवकर करायचा, आणि कैद दिली तर ती साधारणतः मूळ शिक्षेला जोडून, तिच्या पोटात नाही. पोटात घातलेली शिक्षा म्हणजे फुकटची शिक्षा. पाच वर्षांची कैद भोगणाऱ्याला त्यातच सहा महिने पळाल्याचे, म्हणजे पळणं पदरात पडलं. आपल्याकडेही एक शिक्षा भोगत असलेल्याला दुसरी झाली तर ती पहिली संपल्यावर सुरू व्हावी, हाच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६७ चा मूळ नियम आहे. एकत्र भोगू देणं हा अपवाद. आपली कोर्टं अपवादालाच नियम करून बसली आहेत.

या सगळ्यात जो खरोखर भरडला जातो त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. जामीनदार. चुलतभाऊ असतो, मेहुणा असतो, कधी गावातला भिडस्त शेतकरी. सात-बाराचा उतारा, ऐपतीचा दाखला, आधार कार्ड, फोटो, सही. आरोपी पळाला की कतबा जप्त होतो आणि कोर्टाची नोटीस या माणसाच्या दारात येते. रक्कम भर. नाही भरली तर दंडासारखी वसूल होते, आणि तीही झाली नाही तर त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येतं. म्हणजे पळालेल्या माणसाला कलम २६९ खाली प्रत्यक्षात शून्य, आणि न पळालेल्याला घरपोच नोटीस. कोर्ट रक्कम माफ किंवा कमी करू शकतं, बरेच न्यायाधीश करतातही. पण या भीतीने घडतं काय? ओळखीचा माणूस जामीन राहायला कचरतो, आणि कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणाऱ्यांचा धंदा चालतो; खोटी रेशन कार्डं, खोटे उतारे, एकच माणूस पाच जणांचा जामीनदार. असे जामीनदार पकडले गेल्याच्या बातम्या मुंबई-पुण्या-ठाण्याला नव्या नाहीत. त्यांना आरोपी पळाला काय नि राहिला काय, सारखंच. त्यांचा पत्ताच खोटा असतो. आरोपीला स्वतःच्या अंगावर शिक्षा येईल याची खात्री असती, तर ही मधली माणसं वेठीला धरायचं कारण उरलं नसतं.

जामिनाची गोष्ट मी शेवटाकडे ठेवली कारण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरात पंचाहत्तरांहून जास्त. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. जामिनाला विरोध करताना सरकारी वकिलांचं हुकमी वाक्य असतं: ‘‘आरोपी फरार होण्याची दाट शक्यता आहे.’’ न्यायाधीशालाही ते पटतं, कारण मागच्या महिन्यात त्याच्याच कोर्टातून कुणी तरी गेलेला असतो आणि त्याचं काहीच झालेलं नसतं. पळाल्यावर काही करायचं नाही, म्हणून पळण्याआधीच कोंडून ठेवायचं, असा हा कारभार आहे. पळून गेलेल्या एकाची शिक्षा न पळणाऱ्या चौघांना आगाऊ मिळते. त्या चौघांत पैसेवाला सहसा नसतो. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ परजिल्ह्यातला म्हणून नाकारला, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या आदेशाची चांगलीच हजेरी घेतली होती. पंचेचाळीस वर्षांनी, २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की सुटकेला उशीर होत असेल तर स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. जामीन सढळ हाताने द्यायला हवा असं ज्यांना वाटतं, आणि मला वाटतं, त्यांनी पळाल्याच्या शिक्षेबद्दल गुळमुळीत राहून चालणार नाही. जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर सोडा, पण मोडला तर त्याचा जाब त्याच माणसाला, ताबडतोब, थोडक्यात आणि चुकवता न येण्यासारखा.

एक प्रश्न मला अजूनही टोचतो: मूळ गुन्ह्यातून निर्दोष सुटलेल्याला पळाल्याची शिक्षा करायची का? जानेवारी २०२५ मध्ये, दलजित सिंग प्रकरणात, जाहीरनाम्यानंतर हजर न राहण्याचा गुन्हा स्वतंत्र आहे, जाहीरनामा मागे घेतला गेला तरी तो उरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. मात्र त्या माणसाच्या धनादेशाच्या मूळ प्रकरणात तडजोड होऊन तो सुटला होता, म्हणून ही कारवाईही तिथेच संपवली. धनादेशाच्या भांडणापुरतं ते ठीकच झालं. पण नियम म्हणून मी याच्या उलट बाजूला आहे. निर्दोष माणूस पळाला तेव्हाही फिर्यादीने पाच वर्षं खेटे घातलेच, सहआरोपी आत कुजलाच, साक्षीला आलेल्या म्हातारीचा एसटीचा खर्च झालाच. त्याला कैद नको. पण दंड हवा, आणि तो दंड सरकारी तिजोरीत न जाता ज्यांनी खेटे घातले त्यांच्या हातात पडायला हवा. भरपाई फिर्यादीला देण्याचा अधिकार कोर्टाला आज कायद्याने आहे. तो या कलमाला जोडून वापरायला नव्या दुरुस्तीचीही गरज नाही, रोजनाम्यात आणखी एक ओळ लिहायची तेवढी.